भीड वेगळी, माया वेगळी

पत्र

ताई, नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या अडीच हजार वस्तीच्या एका गावची सरपंच आहे. वय चौतीस. पद महिलेसाठी राखीव होतं, थेट जनतेतून निवडून आले. दीड वर्ष झालं. माझा स्वभाव पहिल्यापासून मऊ, कुणाला टाकून बोलणं मला जमत नाही. लोकांनी मतं दिली ती त्यासाठीच, असं मला वाटत होतं. आता तेच लोक म्हणतात, 'बाई चांगली आहे, पण कामाची नाही.'

तीन गोष्टी सांगते. एका विधवा म्हातारीची चार वर्षांची पाणीपट्टी थकली होती. ग्रामसेवक नळ तोडायला निघाले, मी थांबवलं आणि हप्ते करून दिले. दुसऱ्या दिवशी दारात ट्रॅक्टर असलेली माणसं उभी, 'आम्हालाही हप्ते द्या.' दुसरं, आमच्याच पॅनलच्या एका कार्यकर्त्याला घरकुल हवंय. यादीत त्यांचं नाव नाही. निवडणुकीत त्यांनी आमच्यासाठी रात्रंदिवस पायपीट केली, म्हणून मी 'बघू, करू काहीतरी' म्हणत राहिले. सात महिने. आता ते गावभर सांगतात की सरपंचबाईनं फसवलं. तिसरं, गेल्या ग्रामसभेत विरोधी गटाचे एक सदस्य 'बाईला काय कळतंय' म्हणून ओरडले. मी शांतपणे हात जोडले. घरी आल्यावर मालक म्हणाले, 'एकदा चांगला खडसाव, त्याशिवाय वचक बसायचा नाही. राजकारणात देवमाणूस चालत नाही.'

आणि एक सांगायला लाज वाटते. दिवसभर गावाशी गोड बोलते आणि संध्याकाळी पोरांवर, सासूबाईंवर खेकसते. परवा धाकट्याला मारलं. त्याच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला, एवढंच कारण.

मी कडक होऊ का? की हे आपलं काम नव्हे म्हणून राजीनामा देऊ?

– एक सरपंच

उत्तर

सरपंचबाई,

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, तरी मी तुम्हाला 'अहो'च म्हणणार आहे. गावात बाई सरपंच झाली की तिला 'अगं' म्हणणारे आणि तिच्या नवऱ्याला 'सरपंच' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात माझी भर नको.

राजीनाम्याचं आधी सांगते, म्हणजे तो विषय बाजूला होईल. देऊ नका. जिला म्हातारीचा नळ तुटताना बघवत नाही आणि स्वतःच्या पोराला मारल्याची लाज वाटते, तिनं ती खुर्ची सोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

आता कडक होण्याचं. पत्रातल्या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच दाव्याला बांधल्यात: मी मऊ, म्हणून हे सगळं झालं. मला तसं दिसत नाही. म्हातारीचा नळ वाचवलात ती माया होती. घरकुलाच्या माणसाला सात महिने 'बघू' म्हणत राहिलात ती भीड होती. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या. भिडेत माणूस दुसऱ्याचं मन जपतोय असं वरून दिसतं, पण त्या वेळी त्याला स्वतःची सुटका हवी असते. याचं पडलेलं तोंड आत्ता मला बघायला नको, याचं माझ्याबद्दल वाईट मत व्हायला नको. या माणसाचं पुढे काय होईल, हा विचार त्यात नसतोच. मायेत तोच एक विचार असतो.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते दुसऱ्याच्या नुकसानीतून. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. साठीचे एक शेतकरी विहिरीच्या अनुदानासाठी आले. फाईल उघडली तेव्हाच मला दिसलं की त्यांची जमीन निकषात बसत नाही. पण डोक्याला मुंडासं, हातात सातबाऱ्याची घडी आणि 'बाई, तुमच्या हातात आहे' असं ते म्हणणं. माझ्यानं सांगवेना. 'बघू, पुढच्या सोमवारी या,' म्हणाले. ते सोमवारी आले. पुन्हा 'बघू'. मी त्यांना चहा पाजला, घरची चौकशी केली, आणि ते गेले की दर वेळी मला वाटायचं, आपण किती चांगलं वागलो. असे पाच सोमवार गेले. शेवटी आमच्या शिपायानं बाहेर व्हरांड्यात त्यांना खरं ते सांगून टाकलं. ते आत आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, 'बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ज्वारी पेरून मोकळा झालो असतो. विहीर होईल, ऊस लावू, म्हणून रान तसंच ठेवलं.'

त्यांचा एक अख्खा हंगाम माझ्या गोड बोलण्यानं खाल्ला. तीस वर्षं होत आली, ते मुंडासं मला अजून दिसतं.

तुमच्या कार्यकर्त्याचे सात महिने असेच गेलेत. घरकुल होणार म्हणून त्यांनी कदाचित जुने पत्रे बदलले नसतील, गळक्या घरात पावसाळा काढला असेल. तुमच्या मनात फसवणं नव्हतं हे मला कळतं, पण त्यांना ते कुठून कळावं? घरकुलाची यादी सर्वेक्षणातून येते, ग्रामसभेपुढे वाचली जाते. सरपंचाच्या सहीनं त्यात नाव घुसत नाही. हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं.

तेव्हा त्यांच्या घरी जा. ग्रामपंचायतीत बोलावू नका आणि मालकांना बरोबर नेऊ नका. जाण्याआधी ग्रामसेवकांबरोबर अर्धा तास बसा. कार्यकर्ते ज्या प्रवर्गातले असतील त्याप्रमाणे रमाई, शबरी किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत यांपैकी एखाद्या योजनेत ते बसतात का, ते नीट बघा. बसत असतील तर अर्जाचा कागद हातात घेऊन जा. बसत नसतील तर तेही सांगून टाका. शब्द साधे ठेवा: 'यादीत तुमचं नाव नाही. ते घालणं माझ्या हातात नाही. मला हे आधीपासून माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं चुकलं.' शेवटचं वाक्य गिळू नका. ते चिडतील. चिडू द्या. सात महिन्यांचा राग आहे तो, आणि तुम्ही खाली मान न घालता, उलट न बोलता तो ऐकून घ्यायचा. त्या दिवशी तुमच्याकडून त्यांना देण्यासारखं एवढंच आहे.

देवमाणूस राजकारणात चालत नाही असं मालक म्हणतात. तुमच्याच जिल्ह्यात सांगोल्याला गणपतराव देशमुख होऊन गेले. १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, एकूण ११ वेळा निवडून आले, मध्ये दोनदा पडलेही. आमदार असून एसटीनं फिरायचे. लोक हे साधेपणाचं कौतुक म्हणून सांगतात, मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला टाळता येत नाही. काच वर करून पुढे निघून जाता येत नाही. ज्याचं काम झालं नाही तोही त्याच गाडीत असतो, आणि सांगोला येईपर्यंत त्याला उत्तर द्यावं लागतं. जो माणूस सारखा 'बघू' म्हणत असेल त्याला रोज एसटीनं फिरणं झेपायचं नाही. मालकांना विचारा, सांगोल्यात इतकी वर्षं मग काय चाललं?

नळाच्या बाबतीत तुमचं मन बरोबर होतं. चुकलं ते इतकंच, की चांगली गोष्ट तुम्ही एकटीनं, तोंडी आणि एकाच माणसासाठी केलीत. म्हातारीला हप्ते मिळाले ते सरपंचबाईच्या मनात आलं म्हणून. मग ट्रॅक्टरवाल्यानं का म्हणू नये, की माझ्याबद्दलही मनात येऊ द्या? आणि उद्या त्या खुर्चीत दुसरं कुणी आलं, त्याच्या मनात नाही आलं, तर म्हातारीनं काय करायचं?

माझ्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मी पंधरा वर्षांची होते, तिच्याबरोबर जायचे. सुकडी मिळायची, ती पदराला बांधून धाकट्या भावंडांसाठी आणायची. पुढे कितीतरी वर्षं ती एकच गोष्ट अभिमानानं सांगायची: कुणाच्या दारात गेले नाही, खडी फोडली आणि पैसे घेतले. तिला रोजगार हमी हा शब्द नंतर कळला, आणि त्यामागचे वि. स. पागे तर कधीच ठाऊक नव्हते. पागे सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे, ही गोष्ट त्यांनी लावून धरली. विधिमंडळानं १९७७ मध्ये तसा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचं ठरलं. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा आला तो याच वाटेनं, आणि त्यातही कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली आणि लहान मुलं सांभाळायची सोय असलीच पाहिजे असं लिहिलं गेलं.

दुष्काळात धान्य वाटणारे पुढारी तेव्हाही होते आणि मी त्यांना कमी लेखत नाही. भुकेल्याला त्या दिवसाचं धान्य हवंच असतं. पण सावलीची सोय कायद्यात लिहायची तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खडी फोडणारी बाई आणि झोळीत ठेवलेलं तिचं मूल असावं लागतं. मला पुढाऱ्याची माया अशा ठिकाणी दिसते. भाषणात गहिवरून येणं मला तितकंसं पटत नाही.

तर तुम्ही गावापुरता कायदा करा. मासिक सभेत ठराव मांडा, ग्रामसभेपुढे वाचा: ज्या घरात कमावतं माणूस नाही, किंवा ज्या घरात वर्षभरात मोठं आजारपण झालं, त्यांना थकबाकीचे १२ हप्ते. निकष फलकावर लावा. म्हातारीचं नाव फलकावर नको, निकषच पुरेत. ज्यांना परवडतं त्यांना बिल, मुदत, आणि मुदत संपल्यावर नळ बंद. ट्रॅक्टरवाले घरी आले तर बसायला खुर्ची द्या, पाणी द्या आणि ठराव दाखवा. आवाज चढवायची गरजच पडणार नाही, कारण आता तुमच्या मनाला गळ घालून काही मिळण्यासारखं उरलेलं नाही.

ग्रामपंचायतीच्या ठरावात एवढी कुठली ताकद, असं वाटलं तर हेरवाड आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथं ठराव झाला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या वेळी त्या बाईला जवळ घेऊन रडणाऱ्या शेजारणी कुठल्या गावात नसतात? सगळीकडे असतात. पण बांगड्यांवर दगड उगारणारा हात धरायला एकट्या शेजारणीचं बळ पुरत नाही. ठराव पाठीशी असला की ती 'थांबा' म्हणू शकते.

नुसता ठरावही पुरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा सगळ्यांना माहीत आहे. मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा. त्या मानानं गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापूरबाहेर कमी सांगितली जाते. दलित म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं दुकान काढायला लावलं. दुकान निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायला लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायला लागले. पैसे देऊन ते मोकळे होऊ शकले असते. राजानं मदत केली, असं नावही झालं असतं. पण गंगाराम यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि गिऱ्हाइकाला धीर हवा होता. तो धीर राजानं कप तोंडाला लावल्याशिवाय येणार नव्हता.

(याच ओघात एक सांगून ठेवते. मदत देताना फोटो काढायची पद्धत पडली आहे. चेक देताना, साडी देताना, वहीची जोडी देताना सुद्धा. देणाऱ्याचं हसू आणि घेणाऱ्याची खाली गेलेली नजर. तुमच्या ग्रामपंचायतीत हे बंद करा. कागदोपत्री पुरावा लागत असेल तर सही घ्या.)

वचकाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या मालकांना जे वाटतं ते निम्म्या महाराष्ट्राला वाटतं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सरकारनं फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला आणि प्लेगच्या बंदोबस्ताची समिती वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाती दिली. आजारी माणूस वेगळा काढला तर साथ आवरते, हा विचार चुकीचा नव्हता. पण ते काम गोऱ्या सोल्जरांवर सोपवलं. ते घरात घुसायचे, देवघरात शिरायचे, बायकांची उघड्यावर तपासणी करायचे, सामान बाहेर काढून जाळायचे. वचक बसला. पुरेपूर बसला. आणि लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. मेलेल्यांची खबर लपवली. ज्या एका गोष्टीसाठी ही सगळी सक्ती होती, तीच सरकारच्या हातून निसटली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. लपवलेल्या रुग्णांबद्दल मात्र धड्यात फारसं नसतं. राज्य करणाऱ्यानं, मग ते अडीच हजार वस्तीचं गाव का असेना, आधी ते शिकायला हवं.

त्याच साथीत हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. रुग्णांच्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. नीट बघा, काम तेच होतं. रुग्णाला घरातून उचलायचं, वस्तीपासून दूर न्यायचं, औषधपाणी करायचं. काही दिवसांनी सोल्जर जे करायला लागले त्याहून वेगळं काहीच नाही. पण सोल्जरच्या बुटांचा आवाज ऐकून जे दार बंद होत होतं, ते पोराला पाठीवर घेणाऱ्या म्हातारीसाठी कशाला बंद होईल?

सरकारी नोकरीत मी पस्तीस वर्षं काढली. ज्याचा वचक मोठा, त्याला बातमी सगळ्यांच्या शेवटी कळते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. टाकीला तडा गेलाय हे पाणी सोडणाऱ्या माणसाला आधी दिसतं. सरपंच अंगावर येणारा असेल तर तो गप्प बसतो, टाकी फुटेपर्यंत. कुठल्या घरात पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरतंय, हे आशाताईला कळतं. कुठल्या घरातलं मूल सुकत चाललंय, हे अंगणवाडीताईला कळतं. कुठल्या ठेकेदारानं सिमेंट कमी घातलं, हे गवंड्याला कळतं. ही माणसं तुमच्याकडे येऊन बोलतात का? मला खात्री आहे, बोलत असणार. तुमच्या मऊ स्वभावाची ही कमाई आहे, आणि ती एका खडसावण्यात जाऊ शकते. जिल्ह्याचे साहेब गाडीतून उतरले की सगळं गाव 'छान चाललंय' म्हणतं. तुम्हाला गाव खरं सांगतंय. हे पद तेवढ्यावर चालतं.

मात्र ग्रामसभेत तुम्ही हात जोडलेत, ते मला आवडलं नाही. ते सदस्य तुम्हाला एकटीला बोलले असं तुम्हाला वाटतं. मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बायकांनीही ते ऐकलं. ज्यांना नळाबद्दल, रेशनबद्दल, दारूच्या गुत्त्याबद्दल बोलायचं होतं त्यांनी मनात म्हटलं असेल, सरपंचबाईला असं बोलतात तर आपलं काय. ओरडणाऱ्याशी गोड वागताना गप्प बसलेल्यांवर अन्याय होत असेल, तर मी त्याला चांगुलपणा म्हणणार नाही. तुम्ही सभेच्या अध्यक्ष आहात. पुढच्या वेळी उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात सांगा, 'तुमचा मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतलाय. आता या बाईंना बोलायचंय, तुम्ही बसा.' ते बसले नाहीत तर पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. त्यांच्या वाक्याला उत्तर देऊ नका. बाईला काय कळतं, हा ग्रामसभेचा विषय नाही. आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते ती कागदावरच होत असेल, तर या वेळी खरोखर घ्या. कुणाच्या तरी ओसरीवर घ्या, म्हणजे बायका मोकळ्या होतील.

त्या सदस्यांशी वैरही धरू नका. त्यांच्या घरी आजारपण आलं तर भेटायला जा. मयत झाली तर पहिल्या चार बायकांत तुम्ही दिसा. सभेत त्यांना बसवायचं आणि त्यांच्या दुःखात त्यांच्याजवळ बसायचं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईला करता येतात. गावाला त्या दोन्ही दिसतात.

आता घरचं. पत्रात तुम्ही ते सगळ्यात शेवटी लिहिलंत, म्हणून मीही शेवटी घेतलं, पण माझं मन तिथंच अडकलंय.

तुम्हाला वाटतं, दिवसभर चांगुलपणा करून तुम्ही थकता आणि घरी उरतो तो राग. मला वेगळी शंका येते. दिवसभर जे 'नाही' तुम्ही तोंडापर्यंत आणून परत गिळता, तेच संध्याकाळी पोरांवर सांडतं. कार्यकर्त्याला म्हणायचं होतं ते, ट्रॅक्टरवाल्याला म्हणायचं होतं ते, सभेत ओरडणाऱ्याला म्हणायचं होतं ते. पोरं उलटून बोलत नाहीत, सासूबाई मतदार म्हणून दारात उभ्या राहत नाहीत, म्हणून तिथं जीभ सुटते. आपल्यापैकी बहुतेकजण असेच वागतो, ज्याच्याकडून भीती नाही त्याच्यावरच राग काढतो. साहेबाला 'हो सर' म्हणून आलेला कारकून घरी ताट आपटतो. मीही आपटलंय. दिवसा खरं बोलायला लागलात की संध्याकाळ हलकी होईल, असं मला मनापासून वाटतं. लगेच होणार नाही. एक-दोन महिने द्या.

तोवर एक करा. घरात शिरण्याआधी दहा मिनिटं कुठंतरी एकट्या बसा, देवळाच्या पारावर, शाळेच्या कट्ट्यावर, कुठंही. फोन बंद. आणि मालकांना सांगा, गाव चालवायला मला खरी मदत करायची असेल तर संध्याकाळचे दोन तास पोरं आणि चूल तुम्ही बघा. सरपंचाचा नवरा म्हणून मिरवणारे गावोगाव आहेत, सरपंचबाईचं घर सांभाळणारा नवरा तुमच्या गावात पहिला होऊ द्या. सासूबाईंना वेगळं काही सांगायची गरज नाही. त्यांच्याजवळ बसून चार शेंगा सोला, त्यांना कळेल.

धाकट्याची मात्र माफी मागायची, स्पष्ट शब्दांत. मूल लहान आहे, विसरेल, असं धरून चालू नका. त्याला जवळ घ्या आणि म्हणा, 'तांब्या सांडला म्हणून मी तुला मारायला नको होतं. माझं चुकलं.' घरकुलाच्या माणसाला जे वाक्य सांगायचंय, तेच हे. घरी एकदा म्हणून बघितलंत तर तिथं जीभ अडखळणार नाही.

त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, ग्रामसभेची वाट बघू नका. त्यांच्या बायकोनं चहा पुढे केला तर नाही म्हणू नका. नाही केला, तरी थोडा वेळ बसून या. काय झालं ते मला कळवा.

– ताई